ढब्बू तुमच्या कोटासमोर का बसला

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (तूर्त कागदावरच. काल ढब्बूने मला अख्ख्या गोदामातून फरफटत नेलं, कंबर धरली आहे.) मामी कशी आहे? तुमची तब्येत ठणठणीत असल्याचं तुम्ही न विचारताच दर पत्रात कळवता, तरी मी विचारते.

पत्रास कारण मागचा रविवार. स्फोटकं हुंगून काढणारा कुत्रा सांभाळायची माझी नोकरी तुम्हाला ठाऊक आहेच. (आई शेजारणींना 'ऑफिसात असते' एवढंच सांगते.) ढब्बूला काही सापडलं की तो भुंकत नाही, गुपचूप खाली बसतो आणि माझ्याकडे बघतो. तुमच्याकडे जेवायला आलो तेव्हा तो तुमच्या खुंटीवरच्या कोटासमोर असाच फतकल मारून बसला. कोटाला जेवणाचा वास लागलाय असं म्हणत तुम्ही तो उचलून आत घेऊन गेलात, मामी पोट धरून हसली, मीही हसले. ढब्बू तेवढा हसला नाही.

आता आमच्यात कुत्रा चुकला की साहेबांना सांगावं लागतं. मी सांगितलं आणि साहेबांनी त्याला तडकाफडकी कामावरून उतरवलं. परत परीक्षा, नापास झाला तर कायमचा घरी. परीक्षेत पठ्ठ्याने सगळी खोकी बरोबर ओळखली आणि शेवटी परीक्षक डॉक्टरांच्याच पिशवीसमोर बसला. साहेबांचा चेहरा पडला. डॉक्टरांनी शांतपणे पिशवीतून जिभेखाली ठेवायच्या हृदयाच्या गोळ्या काढल्या आणि म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. यात स्फोटकातलंच द्रव्य असतं, अगदी कणभर." सगळे हसले. मला तुमचा कोट आठवला.

मामा, ढब्बूला थापा मारता येत नाहीत, तुम्हाला येतात. मी फार घाबरले आहे. मामीजवळ मी चकार शब्द काढलेला नाही, ते तुम्हीच सांगा.

तुमची लाडकी (होते तरी)
भाची

ता. क. ढब्बूच्या नावावरची ती चूक पुसायला साहेबांना तुमच्या दोन ओळी हव्यात, कोटाच्या खिशात काय होतं त्याबद्दल. एवढ्यासाठीच पत्र.

आणखी एक ता. क. तुमचा चष्मा कधीच सापडत नाही आणि माझी पत्रं तुम्हाला मामीच वाचून दाखवते, हे मला आत्ता पाकीट चिकटवताना आठवलं असं समजा. मामी, कोटाचा आतला खिसा. आधी त्यांना डॉक्टरकडे ने, मग पोटभर रागव.