सुंदराबाईचा प्याला

बडनेरा, रविवार, ३ फेब्रुवारी १९५७
आज चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी मी सुंदराबाईला द्राक्षरसाचा प्याला दिला नाही! सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगितलं – हिनं अकोल्याला जाऊन बौद्ध दीक्षा घेतली, हिला इथे वाटा नाही. चर्चचे पंच खुशालराव यांनी तिला पांढरं लुगडं नेसलेली तिथल्या मंडपात पाहिलं होतं. ती उठून मागच्या बाकावर जाऊन बसली. पाळकाला कडक व्हावंच लागतं.

१७ फेब्रुवारी
सुंदराबाई दर रविवारी येते. मागे एकटीच बसते. गात नाही. तिच्याशिवाय आमची गाणी वर चढतच नाहीत.

४ मार्च
स्टेशनवर तिचा भाऊ धर्मपाल भेटला. रेल्वेत आहे. म्हणाला, "दीक्षा म्या अन् आईनं घेतली, साहेब. आईले दिसत नाही. सुंदरानं हात धरून नेलं, बस. तुमी इचारलं असतं तं सांगितलं असतं तिनं."

विचारलंच नाही मी! एका शब्दानं नाही!

एस्तेर असती तर तिनं त्याच दिवशी मला फैलावर घेतलं असतं. बायको गेली, आणि 'तुमचं चुकलं' म्हणणारं घरात कोणी उरलं नाही. बाहेर सगळे नुसते हात जोडतात.

५ मार्च
तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "प्याला साऱ्यायसमोर थांबवला. माफी घरात काहून मांगता?"
चहा मात्र दिला.

८ मार्च
खुशालराव म्हणतात, "पाळकच वाकला तं मंडळी कोनाचं आयकंल?" खरं लिहू? ऐकून बरं वाटलं – सगळ्यांसमोर माफी टाळायला निमित्त मिळालं. भेकड आहे मी.

रविवार, १० मार्च
सगळ्यांसमोर माफी मागितली! खुशालरावांचं नाव घेतलं नाही – न विचारता शिक्षा केली ती मी. मग तिला पुढे बोलावून पहिला प्याला दिला. तिनं घेतला. माझेच डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

११ मार्च
सकाळीच सुंदराबाई दारात. "माफी पावली, पाळकसाहेब. काल तुमचं मन मोडवलं नाही म्हनून प्याला घेतला." येत्या पौर्णिमेला ती दीक्षा घेणार आहे. या वेळी खरंच.

मी विचारलं – का?

"महिनाभर इथं माह्याशी कोनी बोललं नाही. आईसंगं दीक्षा घेतलेल्या बाया बोलल्या."

आज चहा मी केला.