जिन्यावरची तुळई

ॲल्डन,

आपलं घर मी जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं, हे तुला वकिलाकडून कळलं. खरं तर मीच कळवायला हवं होतं.

बोस्टनच्या तज्ज्ञांनी घर पुन्हा सतराशे नव्वद सालासारखं करायचं ठरवलं. त्यानंतरचं सगळं काढलं. आईचं पिवळं स्वयंपाकघर गेलं. बाबांनी चौकटीवर केलेल्या आपल्या उंचीच्या खुणाही गेल्या. सुतार म्हणाला, "बाई, फोटो तरी काढून ठेवा." मी म्हटलं, "नको, तुमचं चालू द्या."

दर गुरुवारी मी जुन्या काळचा झगा घालून शाळेच्या मुलांना घर दाखवते. झगा अंगावर असेपर्यंत त्याच काळातल्या माणसासारखं बोलायचं, असा नियम आहे. माझ्याकडे मोलकरणीची भूमिका आलीय.

काल जिना चढताना मागून एक मुलगी ओरडली, "आजी, तुम्ही वर न बघताच कशा वाकलात?"

तुझं कपाळ फोडणारी ती तुळई अजून तिथेच आहे. ती जुनीच, म्हणून राहिली.

"तुम्ही इथे राहायचात का?" तिने विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं, "मी इथे फक्त झाडलोट करते."

आवाजसुद्धा कापला नाही माझा.

तुझी बहीण,
हेस्टर