खुर्चीला हात नव्हते

४ जून

ती. आजोबांना चित्रकार नातीचा वाकून नमस्कार, वि. वि.

सभागृहाच्या नव्या भिंतीवर राज्यघटनेवर सह्या होतानाचं चित्र काढायचं काम मला मिळालं. आनंदाने शिडीवरच नाचले, तर मुकादमाने खाली उतरवलं.

जिन्यात याच प्रसंगाची चार जुनी चित्रं आहेत, सगळी एकाच फोटोवरून काढलेली. पहिल्यात अध्यक्षांच्या खुर्चीच्या डाव्या हातावर चौकटच्या एक्क्यासारखी नक्षी आहे. दुसऱ्याने शोभेसाठी ती दोन्ही हातांवर काढली, तिसऱ्याने पाठीवरही, चौथ्याने तर सोन्याचा वर्ख लावला. आता फाटकावरही तीच. समिती म्हणते, आधी नक्षी काढा, माणसं मग. तुम्ही तिथे कारकून होतात. खुर्चीचं लाकूड कोणतं होतं?

तुमची रंगारीण

९ जून

चि. रंगारिणीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतका हसलो की चष्मा चहात पडला. अगं, त्या खुर्चीला हातच नव्हते. मोठी खुर्ची डगमगत होती, म्हणून टंकलेखकांच्या खोलीतली बिनहाताची मीच उचलून आणली. तुझी नक्षी म्हणजे माझ्या कोटाच्या कोपरावरचं ठिगळ.

माझ्याकडे टिपकागद होता. सही झाली की ओली शाई टिपायची. किती वेळ दाबायचं? चौथीतल्या कवितेच्या दोन ओळी मनात म्हणेपर्यंत. एका सभासदाच्या सहीला तर अख्खं कडवं लागलं. तो सकाळचा उजेड, तो शाईचा वास, आणि देश जन्मत असताना मी मनात चिमण्यापाखरांची कविता म्हणत होतो. फोटोच्या वेळी एक धिप्पाड सभासद पुढे आला. माझं उरलं ते कोपर.

तुला कधी बोललो नाही, घरात हसणारी एक पुरे. वर्तमानपत्रातला तो पुसट फोटो मी चाळीस वर्षं तुझ्या आजीला दाखवतोय. ती म्हणते, हा खुर्चीचा हात. मी तिथे होतो, एवढं एकदा तिच्या तोंडून ऐकायचंय. खुर्चीला हात काढू नकोस बाई, माझं कोपर काढ.

लोभ आहेच, तो कोपरासकट असावा.

१६ जून

ती. आजीस सा. न.

हे पत्र आजोबांना दाखवू नकोस. संग्रहातून फोटोची मूळ काच, म्हणजे काचेवरची निगेटिव्ह, काढून मोठी करून पाहिली. ते ठिगळच आहे, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचं. तीन बाजूंचे टाके बारीक, चौथीचे लांब. समितीचे अध्यक्ष घाम पुसत म्हणाले की फाटकावर आम्ही ठिगळ बसवलं काय? महिनाअखेर पुरावा द्या, नाहीतर खुर्चीला हात काढा, तेही जमत नसेल तर भिंत दुसऱ्याला. ते ठिगळ तू शिवलंस का? खरं सांग, चेष्टा नको.

तुझी लाडकी

२९ जून

चि. पोरीस आजीचे आशीर्वाद.

तुझी तार पोचली. ठिगळासाठी मी जिचं कापड कापलं होतं ती पाठवलेली जुनी पिशवी समितीने काचेशेजारी धरली, भोकाचा आकार आणि पट्टे जुळले, आणि कोपर मंजूर झालं, वाचून बरं वाटलं. चौथ्या बाजूला मी घाईत होते. ह्यांनी उशीर झाला म्हणून दारात आरडाओरडा चालवला होता, मग लांब टाके घालून धागा दाताने तोडला. चित्रात ते लांबच काढ.

तारेची बातमी ऐकल्यापासून ह्यांचं डावं कोपर पुढे आणि माणूस मागे. दारातून आडवे होऊन जातात, भाजीवालीलाही कोपर दाखवून झालं. काल मीही सगळ्यांसमोर म्हणाले की हे तिथे होते. त्यावर हे नुसते चष्मा पुसत बसले.

भोकाची पिशवी इतकी वर्षं जपलीस, मग आधीच का नाही म्हणालीस, असं विचारतेस. अगं, मी पटलं म्हणाले असते, तर ह्यांनी सांगायचं थांबवलं असतं. आणि दर वेळी शाई टिपतानाची कविता नवीन असायची.

माया आहेच. पुढच्या वेळी ह्यांना दुसरं काहीतरी न पटण्यासारखं सुचव.