दिसल्याशिवाय लिहू नका

प्रिय आई,

काल सकाळी पावणेअकराला आमचा बोगदा आरपार झाला. हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने त्यांची वाचा गेली, तरी ऐकतात सगळं, हे तूच लिहितेस. ड्रिलचा आवाज एकदम बदलला, मशीन थांबवलं, तर खडकात मुठीएवढं भोक! पलीकडे माणसांचे दिवे आणि लांब त्यांच्या बाजूच्या बोगद्याच्या तोंडाशी नखाएवढा दिवसाचा उजेड. तीन वर्षं दोन्ही बाजूंनी खणत होतो, केवळ माझ्या मोजमापांच्या भरवशावर, आणि फरक निघाला चार बोटांचा. मी सर्वेअर, हे माझंच काम, तरी आ वासून बघत राहिलो. एवढ्या डोंगराच्या पोटात माणसं एकमेकांना सापडतात म्हणजे काय! पलीकडून कोणीतरी हात घातला, तो मी धरला. कोणाचा होता, अजून माहीत नाही.

हसशील, पण मला तुझा नववीचा वर्ग आठवला. आई आणि इंग्रजीच्या बाई एकच, त्यामुळे मला बोलणीही दुप्पट. 'लाइट ॲट दि एंड ऑफ दि टनेल' हे तुझं खास दुखणं. पोरं ते कुठल्याही निबंधाच्या शेवटी चिकटवायची. परीक्षेवरच्या निबंधात मीही चिकटवलं, तर तू भर वर्गात विचारलंस, परीक्षा सोमवारी सुरू होणार, तुला उजेड आजच कुठून दिसला? नुसती आशा वाटत असेल तर आशा म्हणा. आधी बराच काळ अंधार हवा, आणि सुटका खरोखर दिसायला हवी, तरच हे लिहा. माझे दोन गुण कापलेस, ते अजून सलतात.

पण नियम अंगात भिनला. साहेब दर आठवड्याच्या अहवालात तेच वाक्य टाक म्हणून मागे लागायचे, वरच्यांना बरं वाटतं म्हणे. मी एकदाही टाकलं नाही. खणणाऱ्याला शेवटच्या दिवसापर्यंत समोर खडकच दिसतो गं. इतके मीटर उरले, एवढंच लिहायचो. साहेब मला खडूस म्हणतात. मी कोणाचा मुलगा, ते त्यांना काय ठाऊक!

तूही अशीच. आज बाबांचे ओठ हलले, आज नाही, दोन वर्षं त्यांच्याबद्दल तुझ्या पत्रांत एवढंच. एकदा मी फोनवर चिडलो होतो, धीराचा एखादा शब्द लिहायला तुझं काय जातं म्हणून. त्याची आता लाज वाटते.

काल दुपारी तुझं पत्र मिळालं. औषधं, पाहुणे, गळका नळ, आणि तळाला तुझ्या वळणदार अक्षरात तेच बोगद्यातल्या उजेडाचं इंग्रजी वाक्य. पुढेमागे काही नाही. मी होतो तिथेच खाली बसलो. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं, तर समजूत काढतायत म्हटलं असतं. तू लिहिलंस, म्हणजे बाबा बोलले. खरं सांगतो, बोगद्याचं कौतुक त्यापुढे काहीच नाही, आणि हे पत्र त्यासाठीच लिहितोय. काय बोलले ते फोनवर सांगू नकोस. शनिवारी घरी येतोय, त्यांच्याच तोंडून ऐकेन.

तुझाच,
धाकटा