लॅपटॉपचं कपाळ

मंगळवार, संध्याकाळ

नव्या लॅपटॉपवर पहिलीच मीटिंग, आणि माझ्या चौकटीत नुसता लालसर अंधार! साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही दिसतच नाही." बघते तर आईने सकाळी पूजा करताना कुंकू नेमकं कॅमेऱ्यावर लावलेलं. मी केवढी चिडले. ती शांतपणे म्हणाली, "कपालाला नाय तर कुठं लावू?"

कुंकू पुसलं, राग काही गेला नाही. मग आत्ता तिच्या धवल्यांचं रेकॉर्डिंग लावलं, गावातल्या लग्नांत ती गाते त्या गाण्यांचं. जुन्या लॅपटॉपवर नुसती खरखर यायची. आज ओळींमधला तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. इतकी दमते गाताना? मला कसं कधी कळलं नाही?

उठले, करंडा आणला आणि कुंकू परत लावलं. कॅमेऱ्याच्या जरा बाजूला.