समुद्राखालच्या नगरात भाषणं होत नाहीत

दादा,

मास्तरांच्या घरात वाढलेल्या आम्हा सगळ्या लेकींची एकच तक्रार आहे, आणि आज ती मी तुमच्यापुढं मांडते. तुम्ही बापांनी आम्हाला वाचायला शिकवलंत, पण वाचनात रमायची मोकळीक कधी दिली नाहीत.

लोहाऱ्याच्या शाळेतून तुम्ही घरी यायचात. आई चुलीपुढं भाकरी थापत असायची. ताट वाढण्याआधी तुम्ही मला उभं करायचात. "आज काय वाचलं? बोध काय?" बोध सांगितल्याशिवाय ताट पुढं सरकत नसे. एकदा परीची गोष्ट वाचून मी म्हणाले, "बोध न्हाय दादा. लई गोड वाटलं." तुम्ही म्हणालात, "गोड तर पेरूबी लागतो. त्याला पुस्तक कशाला पायजे?" आई तोंडाला पदर लावून हसली. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत गेलं आणि त्यानंतर मी प्रत्येक पानात बोध हुडकत राहिले. तुम्ही ओट्यावर उभं करून तो मोठ्यानं सांगायला लावायचात. आज तालुक्यात दारूबंदीची सभा असो की मुलींच्या शिक्षणाची, लोक माईक माझ्याच हातात देतात. मी पेटून बोलते आणि ते मला आवडतं. फक्त मी काय बोलणार, हे आता लोकांना माझ्याआधी ठाऊक असतं.

गावच्या वाचनालयानं प्रेमाच्या आणि जादूच्या कादंबऱ्यांचं कपाट रद्दीत काढायचं ठरवलंय. रविवारी सभा आहे. पत्रिकेवर ठराव मांडणारी म्हणून माझं नाव छापून आलं. सचिवांना फोन केला, तर ते हसले. "ताई, तुमाला काय इचारायचं? तुमचंच मत हाय की हे." मी फोन ठेवला. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

त्याच आठवड्यात ज्वारीच्या डब्यात हात घातला आणि बोटांना पुस्तक लागलं. दारात सून उभी होती. आमच्याकडच्या रीतीनं ती मला आत्या म्हणते. "ते शेजारणीचं हाय, आत्या," ती पुटपुटली. वर वाचनालयाचा शिक्का होता. "बघते," म्हणून मी ते घेऊन आले. तिला वाटलं, जप्त केलं. तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

दादा, त्यात समुद्राच्या तळाशी एक नगर आहे. एका नावाड्याची मुलगी तिथं पोचते आणि तिथले दिवे सांभाळणाऱ्या तरुणावर तिचा जीव जडतो. पाण्यात शब्द फुटत नाही, म्हणून तिथली माणसं तळहातावर तळहात टेकवून बोलतात. अख्ख्या नगरात एक भाषण नाही! बाहेर गल्लीत टँकरसाठी घागरी रांगेला लागलेल्या, आणि मी खोलीला कडी लावून त्या अथांग पाण्यात. तो तिचा हात पहिल्यांदा धरतो, ते पान मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. तिथं खाली मला श्वास घेता येतो. कडी काढून बाहेर आले की घरातली पोरं आवाज उतरवतात, सून काहीतरी पाठीमागं लपवते. माझ्या विचारांनी माणसं मोकळी व्हावीत म्हणून मी जन्मभर घसा कोरडा केला, आणि माझ्याच घरात एक बाई धान्यात पुस्तक पुरून ठेवते.

आज ती चहा घेऊन आली.

"आत्या, रविवारी लई कडक बोलणार म्हणं तुमी?"

"कोण म्हणलं?"

"समदेच." मग धीर करून म्हणाली, "ते पुस्तक माझ्याच नावावर हाय. जमा करायचंय."

भरल्या मैदानापुढं न अडखळणारी मी अडखळले. शेवटी एवढंच निघालं, "याचा दुसरा भाग निघालाय का गं?"

ती फसकन हसली. "निघालाय की! त्याच कपाटात हाय. रद्दीत घालायच्या आधी तेवढा वाचून घ्या."

तुम्ही आता या जगात नाही, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. रविवारी माईक हातात आला की जमलेल्यांना मी एकच गोष्ट करायला सांगणार आहे, आणि ती आधी तुम्हाला सांगते. त्या कपाटातलं एक पुस्तक आजच आपल्या नावावर घ्या आणि पिशवीत न घालता, हातात धरून भर रस्त्यानं घरी न्या. दुसरा भाग तेवढा शोधू नका. तो मी सभेआधी, उद्याच आणणार आहे.