रोम रुस्ताकपर्यंत आलं

२ जाने., शुक्र.
पीटर सकाळी नऊलाच हजर, त्याच्या हॉटेलच्या बेकरीतले पाव घेऊन. पडद्यांच्या मापाचा खाकी कागद जमिनीवर पसरला, दुकानातला खडू घेतला आणि तांबडा समुद्र बुजवून टाकला. रोमची पलटण आता पायीच ओमानात. मस्कत-रत्नागिरीमधला समुद्र मी पुसला, खाडी केली. होडीने तासभर. मराठी मंडळाच्या मेळाव्यात २३ला ही गोष्ट नकाशासकट वाचायचीय. विषय, 'जग वेगळं असतं तर'.
झुबेदा चहा घेऊन आली, नकाशा ओलांडून गेली. "नातवंडं होतील आता, आणि हे बघा."
बावीस वर्षांत बायको पहिल्यांदाच आली आहे इकडे. 'मस्कत मला मानवायचं नाही,' हेच ऐकत आलो. परतीचं तिकीट ३१चं. राहा म्हणायचंय. तोंडच उघडत नाही.

४ जाने., रवि.
हमरिया बाजारात गिऱ्हाईक नाही. दुकानात लिहीत बसलो. रोम म्हटलं की वसईच्या पी.चा ऊर भरून येतो. त्याला रोमचा सुभेदार वसईत बसवायचाय. म्हटलं, वसई घे, रत्नागिरी मिळणार नाही. फोनवर वीस मिनिटं भांडलो. अर्बाबने, म्हणजे मालकाने विचारलं, किससे झगडा? म्हटलं, रोमसे.
"यल्ला, खलास करो."

९ जाने., शुक्र.
पी.च्या गाडीतून तिघं रुस्ताकला. गरम पाण्याच्या झऱ्यात झु. पाय सोडून बसली ती उठेचना. पी.ने तिथल्या तिथे ठरवलं, रोमनांची न्हाणीघरं इथेच. सेनापती म्हणतो पुढे चला, शिपाई म्हणतात अजून पाच मिनिटं. झु. इतकी हसली की ओढणी पाण्यात. तिला एवढं हसताना कधी पाहिलं होतं, आठवेना. फार बरं वाटलं.

१३ जाने., मंगळ.
शेवट लिहिला! पलटण खाडी ओलांडून ऐन आषाढात आमच्या गावात. गुडघाभर चिखल, चिलखतांना गंज, तलवारी म्यानातून निघेनात. महिन्याभरात सेनापती शरण, हात जोडून पेज मागतो. झकास जमलंय.
मला म्हणायचंय ते मात्र त्या खाडीतच आहे. तासाभराची होडी, रोज संध्याकाळी घरी. झु.ला कळेल?

१६ जाने., शुक्र.
पी. आला होता. झु.ला वाचून दाखवलं. तांदूळ निवडत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "पण पाऊस आला कुठून?"
पी. म्हणाला, "भाभी, कोकणात पाऊस कुठून म्हणजे काय?"
"समुद्रावरून येतो ना? तो तर तुम्ही पुसलात."
पी. माझ्याकडे बघतोय, मी पी.कडे. दोघं कोकणातले, दोघांनी पाऊस घरचाच धरला होता! समुद्र नाही तर आमच्या गावाचंही मस्कत होणार, आणि रोमला रान मोकळं. पी. टाळ्या पिटायला लागला, नजीरभाय, गेली तुमची रत्नागिरी!
समुद्र परत काढावा लागला. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. झु.ला एवढंच म्हटलं, "होडी गेली म्हणजे."
ती खडू घेऊन लाटा काढत बसली.

१९ जाने., सोम.
शेवट सुचत नाही. त्यात बौशरच्या एका व्हिलाचे बावीस पडदे. झु. म्हणाली, तुम्ही पडदे बघा, शेवट मी आणि पीटरभाई बघतो. फोनवर दोघांची खुसुरफुसुर चालू. मी आलो की गप्प.

२३ जाने., शुक्र.
मेळावा. पी.ने वाचलं. रोम रुस्ताकला येतं, पुढे समुद्र बघून थबकतं. मग हिवाळी वाऱ्यावर रत्नागिरीच्या बायका गलबतं भरभरून येतात, तांदूळ, सुकट, आंबोशी. आठवड्यात पलटण सुकटीवर फिदा, लढाई विसरली. हॉलमध्ये लोक पोट धरून हसत होते.
पी.ने पान उलटलं. "वारा फिरला. गलबतं परत निघाली. एक बाई मात्र गेली नाही. तिला इथलं पाणी मानवलं."
मी झु.कडे पाहिलं. ती सरळ स्टेजकडे बघत होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.
टाळ्या झाल्या. मी वाजवल्या की नाही, माहीत नाही.

२४ जाने., शनि.
नाश्त्याला विचारलं, ती बाई का नाही गेली?
"गोष्ट आहे ती."
तव्यावरचा घावन सुटेना. तो सोडवता सोडवता, "तुमचा अर्बाब माणूस कसा आहे?"
"चांगला आहे."
"मग विचारा त्याला. बायकोला व्हिसावर किती दिवस ठेवून घेता येतं."
बावीस वर्षं जे माझ्या तोंडून निघालं नाही ते झु. घावन उलटताना बोलून मोकळी. मी तीन घावन जास्त खाल्ले.

२६ जाने., सोम.
अर्बाबला विचारलं. पाठीवर थाप मारली, म्हणाला, इन्शाल्ला. आता हे हो म्हणायचं की बघू म्हणायचं? संध्याकाळी झु.ला जसंच्या तसं सांगितलं. तिकीट अजून ३१चंच आहे, तेही सांगितलं.
ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पीटरभाईंना जेवायला बोलवा. या शुक्रवारी नको, पुढच्या."
पुढचा शुक्रवार ६ फेब्रु. पी.ला लगेच फोन लावला.